शिवार सरकारचा फितूर

आमच्या वाडीत बेचाळीस साली काहीही झालं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं कुणी ते ऐकून घेणार नाही. साताऱ्याकडे प्रतिसरकार होतं, ते पुस्तकात आहे. वरकुट्याच्या पलीकडच्या आमच्या वाडीत त्या साली ज्वारी बरी आली आणि एका बैलाला पान लागलं, म्हणजे साप चावला, एवढंच. हे मला माझ्या आजोबांनी सांगितलं होतं. मौला पिंजारी त्यांचं नाव. ते तेव्हा ऐन तिशीत होते, गावोगाव फिरून पिंजणाच्या तारेवर कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे, आणि कुठल्याही गोष्टीला तिखटमीठ लावायची त्यांना सवय नव्हती. त्र्याण्णव साली ते गेले.

मी सांगतेय ते सत्त्याण्णव सालचं. मी बारामतीला कॉलेजात होते. आठवडाभर मावशीकडे राहायचे आणि शनिवारी एसटीनं इंदापूरमार्गे घरी यायचे. घरी अब्बांची पिठाची गिरणी होती. बादशाहभाईची गिरणी म्हणजे गावाची बैठकच म्हणा ना. डबा टेकवायचा, आणि दळण होईस्तोवर लिंबाखाली बसून जगाची उठाठेव करायची. अब्बा स्वतः फार बोलायचे नाहीत. पट्ट्याच्या आवाजात त्यांना निम्मं ऐकूही यायचं नाही, आणि त्यामुळं सगळ्यांशी त्यांचं चांगलं होतं.

कॉलेजात आम्हाला राज्यशास्त्र शिकवायला करुणा मॅडम होत्या. त्यांचं घर इंदापूरला आणि आजोळ आमच्या वाडीत. वेशीच्या पूर्वेला जी वस्ती आहे, छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेली, तिथं त्यांच्या आईचे वडील धोंडीबा राहायचे. म्हणून आख्खी वाडी मॅडमना 'भाची' म्हणते. पुण्याला विद्यापीठात जाऊन त्यांनी फ्रान्समधल्या कसल्या कसल्या विचारवंतांवर एम.फिल. केलं होतं. बारामतीत त्या विचारवंतांची चौकशी करणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळं ते सगळं आमच्या वाट्याला यायचं. राज्यपालाचे अधिकार शिकवता शिकवता मॅडम मध्येच थांबायच्या आणि म्हणायच्या, "सत्ता तोंड दाबते असं तुम्हाला वाटतं. चूक. सत्ता तोंड उघडायला लावते. बोल, बोल म्हणते. आपण बोललो की तिचं काम झालं." वर्ग हेही वहीत उतरवून घ्यायचा. एकानं परीक्षेत ते राज्यपालाचा अधिकार म्हणून लिहिलं आणि त्याला निम्मे गुण मिळाले.

त्यांचं दुसरं एक आवडतं होतं. लिहून झालं की लिहिणारा मेला असं समजायचं. वाचणारा काय वाचेल ते खरं, लिहिणाऱ्याला विचारायला जायचं नाही. मी एकदा म्हटलं, "मग मॅडम, भाजीत मीठ जास्त झालं तर आईला विचारायचं नाही का?" तर हसल्या. म्हणाल्या, भाजी आणि मजकूर यांत फरक आहे. काय फरक, ते बेल झाल्यामुळं राहून गेलं.

आणि तिसरं भुतांचं. जे व्हायला हवं होतं आणि झालं नाही, ते खरं भूत, म्हणायच्या. ते घरात राहतं आणि त्याला बाहेर काढता येत नाही, कारण ते कधी आत आलेलंच नसतं. हे मात्र मला कळलं, आणि कळलं म्हणून जराशी भीतीही वाटली.

भिगवण चौकात विकीचा कॉम्प्युटर क्लास होता. विकी मॅडमच्या ओळखीतला, डिप्लोमा करून आलेला, आणि पुण्याहून कुणीतरी आणून दिलेल्या भुतांच्या इंग्रजी गेमांनी पार झपाटलेला. अंधारे बोळ, दारं, आणि दारामागं काहीतरी. मॅडमनी एकदा ते पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात आलं, असा गेम मराठीत का असू नये, आणि त्यातलं भूत आपल्या राजकारणातलं का असू नये. मग त्या लिहायला लागल्या आणि विकी प्रोग्रॅम करायला लागला. मराठी अक्षरं उमटवणारं एक कार्ड त्यानं मशिनीत बसवून घेतलं होतं. चित्रं फारशी नव्हतीच. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि गावाचा एक नकाशा. वर नाव यायचं, 'शिवार सरकार'.

गोष्ट अशी होती. बेचाळीस साली एका वाडीतले शेतकरी आपलं गुप्त सरकार काढतात. इंग्रज जातात, दिल्लीत झेंडा लागतो, पण हे सरकार कारभार सोडत नाही. सत्त्याण्णव साल उजाडलं तरी वाडीवर त्याचंच राज्य. दिवस मावळला की चावडीत न्याय बसतो. तुम्ही वाटसरू, वाट चुकून वाडीत आलेले. कुणीतरी सरकारची खबर बाहेर फोडली आहे, आणि ज्या दाराशी जाल तिथून एकच प्रश्न येतो, 'कोण बोललं?' तिथं नाव टाईप करायचं. न लिहिता पुढं गेलात की कंदील मंद होतो आणि कुत्री भुंकायची थांबतात. तरी गप्प राहिलात तर सगळा काळोख होतो, आणि त्या काळोखात तुमचंच नाव उमटतं, सुरुवातीला तुम्ही भाबडेपणानं लिहून दिलेलं. मी आणि माझी मैत्रीण पायल भर दुपारी पंख्याखाली बसून खेळलो, तरी हात घामेजले होते. स्वतःचं नाव येऊ नये म्हणून पायलनं सरळ माझं नाव टाकलं. मग काही दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

मॅडमनी माणसांची सगळी नावं बदलली होती, एक सोडून. चावडीत गादीवर बसणारा न्यायाधीश, ज्याच्यापुढं पाटीलसुद्धा हात जोडून उभा राहतो, त्याचं नाव धोंडीबा. खरे धोंडीबा गावचे येसकर होते. रात्री वेशीची राखण करायची, गावभर फेरी मारायची, आणि चावडीच्या पायरीखाली उभं राहून पाटलाला जोहार घालायचा. मॅडमनी त्यांना कागदावर पायऱ्या चढवून वर नेऊन बसवलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "एवढं तरी माझ्या हातात आहे की नाही?" मला ते फार आवडलं होतं.

नावं बदलली, पण नकाशा तोच राहिला. वेस, आड, चावडी, देऊळ, तालीम, पूर्वेची वस्ती, लहानपणी सुट्टीत पाहिलेली वाडी जिथल्या तिथं. आता फितुराचं घर कुठं दाखवायचं? कुणाला लागायला नको म्हणून मॅडमनी आडाशेजारची मोकळी जागा निवडली. त्यांच्या लहानपणी तिथं नुसत्या बाभळी होत्या. पुढं चौऱ्याऐंशी साली ती जागा अब्बांनी घेतली. आमचं घर आणि गिरणी तिथंच आहे.

मी मॅडमना हे सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग म्हणाल्या, "जाऊ दे गं, वाडीत कॉम्प्युटर आहे कुणाकडं?" ते खरंच होतं, म्हणून मीही हसले.

जानेवारीत कॉलेजात प्रदर्शन भरलं. सुयश गुरुजी, म्हणजे मॅडमचे मामेभाऊ, आमच्या वाडीच्याच शाळेवर होते. ते मुलांना घेऊन आले. विकीच्या टेबलापुढं इतकी रांग, की निम्म्या मुलांना खेळायला मिळालंच नाही. ती रडवेली झाली म्हणून गुरुजींनी गेमचा सगळा मजकूर प्रिंटरवर काढून घेतला. हिरव्या पट्ट्यांचा, कडेला भोकं असलेला तो लांबच लांब कागद. आमच्याकडे तसला कागद उसाच्या बिलाला असतो आणि लाइटबिलाला असतो. त्याच्यावर जे छापून येतं ते पटो न पटो, खरं असतं. त्याच्याशी कुणी भांडत नाही, कारण भांडून उपयोग होत नाही हे सगळ्यांना माहीत असतं.

आणि नेमकं त्या वर्षी स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत होती. जो तो आपापल्या गावचे स्वातंत्र्यसैनिक हुडकत होता. सत्कार होणार होते, शाली मिळणार होत्या. आसपासच्या गावांना कुणी ना कुणी होतं. आमच्या वाडीला कुणीही नव्हतं, आणि ते वाडीला फार लागलं होतं. गुरुजींनी तो कागद शाळेत वाचून दाखवला, भुताची गोष्ट म्हणून. मुलांनी तो घरोघर नेला. घरोघर जाता जाता त्यातली भुतं गळून पडली आणि सरकार तेवढं राहिलं.

सगळ्यांत आधी आठवलं ते दत्तोबातात्यांना. तात्या गावातले मोठे बागायतदार, शब्दाला वजन असलेले. बेचाळीस साली ते बारा-तेरा वर्षांचे असतील. गिरणीवर दळण घेऊन आलेल्या माणसांपुढं ते म्हणाले, "शिवार सरकार म्हंजी आमच्या चुलत्याचं की. मी कंदील धरायचो." अब्बांनी मला हे हसत हसत सांगितलं होतं. पुढच्या वेळी मी घरी आले तर दळणाला येणाऱ्या रंगूबाईला आठवलं होतं की तिची सासू सरकारातल्या माणसांना भाकरी पोचवायची. मग लिंबाखाली बसणाऱ्या अप्पाला चावडीतल्या फटक्यांचे आवाज आठवले. अप्पाचा जन्म सत्तेचाळीसचा. मी हे बोलून दाखवलं तर अम्मी म्हणाली, "तू गप. कुनाच्या आठवनीत हात घालू नगं."

चावडीवरचा न्यायाधीश मात्र कुणालाच धोंडीबा म्हणून आठवेना. गादीवर तात्यांचा चुलता बसला होता.

उन्हाळा सरता सरता पुढचा प्रश्न निघाला. एवढं मोठं सरकार, मग त्याची कुठं खबर कशी नाही? तर फितुरी झाली म्हणून. फितुराचं घर कुठं होतं? आडाशेजारी. कागदावर तसं छापलेलंच होतं.

आम्हाला तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. म्हणालं असतं तर बरं झालं असतं, अब्बांनी निदान भांडण काढलं असतं. नुसते डबे कमी झाले. आधी गिरणीच्या दारापासून लिंबापर्यंत डब्यांची रांग असायची. जूनच्या एका शनिवारी मी आले तर उंबऱ्यापाशी दोनच डबे. रंगूबाई डोक्यावर दळण घेऊन आमच्या दारावरून वरकुट्याच्या गिरणीकडं निघाली होती. अम्मीनं हाक मारली तर मान न वळवता म्हणाली, "तुमचा दगड जाड दळतुया, ताजबी." इतकी वर्षं तिला तोच दगड चालत होता. अब्बांना ते खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दगड उचलून काढला आणि सकाळभर छिन्नी-हातोडी घेऊन त्याला टाकी लावत बसले. धुळीनं पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

मग गिरणीच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं सापडलं, 'कोण बोललं?' अब्बांनी ते ओल्या फडक्यानं पुसलं आणि मला विचारलं, "काय आसंल गं ह्ये?" मी त्यांना सगळं सांगितलं. गेम, नकाशा, बाभळीची जागा. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझा बाप कुनाच्या अध्यात न्हवता की मध्यात न्हवता. त्येनं कुनाचं काय सांगावं?"

तेव्हापासून शनिवारची एसटी मला नकोशी झाली. गावातलं कुणी गाडीत चढलं तर मी आधी त्याच्या तोंडाकडं बघायचे, हा बोलेल का, आणि बोलला तर तो नेहमीसारखा बोलतोय का. बहुतेक जण बोलायचे. 'काय, कॉलेज काय म्हणतंय' असं विचारायचे. त्याचंच मला जास्त भय वाटायचं. अम्मीनं दिवसाही कडी लावायला सुरुवात केली होती. कडी लावलेली बघून बाहेरचे म्हणायचे, बघा, दार लावून बसतात.

ऑगस्ट लागला तसं कळलं की पंधरा तारखेला इंदापुरात दत्तोबातात्यांचा सत्कार आहे आणि त्यानंतर शाळेपुढं दगडी पाटी बसणार आहे. पाटीवर शिवार सरकारच्या माणसांची नावं. आणि अप्पाचा आग्रह होता की शेवटी खाली फितुराचंही नाव पाहिजे, पुढच्या पिढीला कळायला पाहिजे. म्हणजे मौला पिंजारी. माझे आजोबा, ज्यांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या बांधावरची काडी उचलली नव्हती, ते दगडात कोरले जाणार होते आणि शाळेत जाणारं प्रत्येक पोर ते वाचणार होतं. पाटी एकदा बसली की आम्हाला तिथं राहता येणार नव्हतं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी मॅडमच्या खोलीवर गेले. त्यांना निम्मं माहीत होतं, सुयश गुरुजींनी सांगितलं होतं. उरलेलं ऐकून त्या खाली बसल्या.

"मी येते," म्हणाल्या. "मी सगळ्यांसमोर सांगते की हे मी रचलंय. विषय संपला."

"पण मॅडम, लिहिणारा मेलेला असतो ना?" मी मुद्दाम म्हटलं. मला त्यांना टोचायचंच होतं.

"अनिसा, आत्ता नको," एवढंच त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी शाळेच्या ओट्यावर बैठक बसली. सतरंजीवर मधोमध दत्तोबातात्या, शेजारी अप्पा, भोवती गावातली माणसं. सुयश गुरुजी खांबाला टेकून उभे होते. अब्बा सगळ्यांत कडेला, सतरंजी संपते तिथं, फरशीवर बसले होते. त्यांना कुणी 'वर या' म्हटलं नाही.

मॅडम उभ्या राहिल्या. वर्गात बोलायच्या तशा ठणठणीत बोलल्या. "हा कागद माझा आहे. शिवार सरकार मी बारामतीत बसून रचलं, कॉम्प्युटरवरच्या खेळासाठी. यातली एकही ओळ खरी नाही. आडाशेजारचं घरही मी मनानं घातलंय."

तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "रचलं आसशील की," म्हणाले. "भाची हुशारच हाय आमची. पर रचायला सूत कुठनं आनलंस? हितंच आजोळी कायतरी कानावर पडलं आसनार."

"माझ्या कानावर काहीही पडलेलं नाही."

"ध्यानात न्हाय तुझ्या. ल्हान हुतीस तू."

"तात्या, लिहिणारी मी आहे."

"लिवनारी तूच. पर गाव आमचं हाय न्हवं? आमाला वाचल्याबरुबर समदं आठवलं. खोटं आसतं तर आठवलं आसतं का?"

वाचणारा वाचेल ते खरं. हे उत्तर मॅडमनीच मला कितीदा तरी शिकवलं होतं. तात्यांनी फ्रेंच तर सोडाच, इंग्रजीचंही कधी तोंड पाहिलं नव्हतं, आणि तरी त्यांना ते जागच्या जागी सुचलं होतं. मला पहिल्यांदाच मॅडमची कीव आली.

मग त्यांचा तोल गेला. "बरं. माझ्यावर विश्वास नाही, कागदावर आहे. मग कागदात न्यायाधीश धोंडीबा आहे. तो कुठं गेला?"

तात्या अगदी मायेनं म्हणाले, "भाचे, त्या काळी ते कसं हुईल? हुन्याजोगं तरी लिवावं मानसानं."

मागं कुणीतरी हसलं. सुयश गुरुजी खाली फरशीकडं बघत होते.

मला राहवलं नाही. मी उठून म्हटलं, "आमचं घर चौऱ्याऐंशी सालचं हाय. बेचाळीसला तितं बाभळी हुत्या. तुमी समद्यांनीच बघितल्यात."

"घर नवं हाय," अप्पा म्हणाला, "मानसं तीच हायती की."

यावर सगळ्यांनी माना हलवल्या. मी खाली बसले. पाटीवर काय लिहायचं ते आता ठरवून टाकू, असं तात्या म्हणाले आणि त्यांनी खाकरून घसा साफ केला. तेव्हा अब्बा उठले. टोपी काढून त्यांनी हातात घेतली होती.

"तात्या, मी बोलू का जरा?"

"बोल की, बादशा."

"माझा बाप गावोगाव हिंडायचा," अब्बा म्हणाले. आवाज इतका बारीक की पुढची माणसं वाकली. "खांद्यावर पिंजन, पाठीवर कापसाचं गठुडं. त्या कापसात चिठ्ठ्या आसायच्या. सरकारच्या. हितनं बावडा, इंदापूर, कुठंकुठं पोचवायच्या. मरताना मला म्हनले, कुनापाशी बोलू नगं. म्हनून आजपतुर गप बसलो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. एकाचं पीठ दुसऱ्याच्या डब्यात चिमूटभर गेलं तरी परत बोलावून सांगणारा माणूस होता तो.

तात्या त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांना खोटं कळलं की खरंच पटलं, मला आजही सांगता येणार नाही. या दोन्हींत त्या उन्हाळ्यानंतर काही अंतर राहिलंच नव्हतं. मग त्यांनी मांडीवर हात मारला. "तरीच. आता आलं ध्यानात. पिंजाऱ्याची तार वाजली की चुलता मला म्हनायचा, दत्त्या, कंदील इजव."

"व्हय," अब्बा म्हणाले. "तार वाजवायचे, म्हनायचे ते."

"ये, वर ये. तितं का बसलास?"

अब्बा सतरंजीवर तात्यांच्या शेजारी जाऊन बसले. कुणीतरी चहा सांगितला. मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, इतकं हायसं वाटलं की डोळ्यांतून पाणी आलं. आजोबा पाटीवर वरच्या नावांत गेले होते. अम्मीची कडी निघणार होती.

"मंग बोललं कोन?" अप्पानं विचारलं.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फितूर तर पाहिजे होता, कागदात तो होता. तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचार केला. "रातच्याला गावात हिंडायचं कोन?" म्हणाले. "येसकर. त्येला समद्यांची दारं ठावं."

मॅडम एकदम पुढं आल्या. "तात्या, ते माझे आजोबा होते."

"मी नाव घ्येतलं का कुनाचं?" तात्या म्हणाले आणि अब्बांकडं वळले. "काय रं बादशा, तुझा बा काय म्हनला हुता?"

अब्बांनी मॅडमकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. "मला न्हाय ठाव, तात्या."

"आठव की. येवढं समदं आठवलं."

"काळोख हुता म्हनायचे."

"काळोखात येसकराबिगर कोन आसतंय?"

ओट्यावरचे सगळे अब्बांकडं बघत होते. ते टोपीची कड बोटांत फिरवत होते. मी मनात म्हणत होते, नाही म्हणा, अब्बा. आणि त्याच मनात, त्याच वेळी, लवकर काहीतरी म्हणून मोकळे व्हा, असंही म्हणत होते.

"आसंल," अब्बा म्हणाले. "आसंल येसकर."

मॅडमनी पिशवी उचलली. सुयश गुरुजी खांब सोडून त्यांच्या मागं निघाले. धोंडीबा त्यांचेही आजोबा, आणि त्यांचं घर पूर्वेच्याच वस्तीत होतं. मी वेशीपर्यंत धावत गेले. मला माफी मागायची होती. मॅडमनी माझ्याकडं न बघता विचारलं, "एसटी कितीला आहे?" मी वेळ सांगितली. ती दोघं भावंडं रस्त्याच्या कडेनं चालत गेली.

त्या दुपारी गिरणीला उसंत मिळाली नाही. पहिला डबा रंगूबाईचा होता. "दगड आता झ्याक दळतुया," म्हणाली. अम्मीनं तिला पाणी दिलं. दिवस मावळेपर्यंत पट्टा फिरत होता, अब्बा पिठानं नखशिखांत पांढरे झाले होते, आणि येणारा प्रत्येक जण त्यांना पिंजाऱ्याच्या तारेबद्दल विचारत होता. अब्बा सांगत होते. प्रत्येक वेळी थोडं जास्त सांगत होते.

दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो. दार आम्हीच लावून घेतलं होतं, आत तिघंच होतो, बाहेरचं ऐकायला कुणी नव्हतं. अब्बांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "इंदापूरच्या फौजदारानं एकदा धरलंच हुतं त्येंना. कुपनावरनं उडी टाकून पळालं. तार लागली पायाला."

मी ताटातून वर पाहिलं. ते कुणाला पटवत नव्हते. नुसते आठवत होते.

"डाव्या पायाला," अम्मी म्हणाली. "घोट्याच्या वर वण हुता की मोठा. मी बघितलाय."

शेवटची सगळी वर्षं आजोबांचे पाय रोज संध्याकाळी मी चेपत होते. ते दोन्ही पाय मला पाठ होते. टाचांच्या भेगा, वाकडी करंगळी, पिंडरीवरच्या निळ्या शिरा. वण कुठंच नव्हता.

अब्बांनी घास हातात तसाच धरला होता. पापण्यांवर अजून पीठ होतं. सकाळी ओट्यावर मॅडमकडं बघताना त्यांचा चेहरा जसा झाला होता, तसाच आता माझ्याकडं बघताना झाला होता.

"तू तर पाय चेपायचीस," ते म्हणाले. "तुला ठावं आसंल, अनिसा. वण हुता न्हवं?"

अम्मीही माझ्याकडं बघत होती.

"व्हय," मी म्हटलं. "डाव्या पायाला हुता."